उग्र वासाचे पदार्थ

शालनबाई रणपिसे यांनी दाराबाहेर चपला काढल्या, हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांना मिळून एकच नमस्कार केला आणि कुणी ‘बसा’ म्हणायच्या आत हातातली कापडी पिशवी सांभाळत त्या सरळ स्वयंपाकघरात गेल्या.

“वहिनी, हे आधी कुठंतरी सपाट ठेवा,” आतून त्यांचा आवाज आला. “खडकीपासून रिक्षात मांडीवर धरून आणलंय. अजून गरम आहे.”

अनिरुद्ध मेहेंदळे सोफ्यावर सोसायटीचं रजिस्टर उघडून बसला होता. पिशवीत काय आहे ते त्याला पिशवी उंबऱ्यात असतानाच कळलं. दोन वर्षं दर बुधवारी दुपारी एक वाजता हिंजवडीच्या ऑफिसातल्या पँट्रीत जो वास त्याला मीटिंगमधून उठवायचा, तोच आज रविवारी सकाळी अकरा वाजता कोथरूडला, त्याच्या स्वतःच्या घरात, पाहुण्यासारखा आत आला होता.

समोर बसलेल्या सौरभनेही तो ओळखला. तो मोटरसायकलवरून दहा मिनिटं आधी आला होता. मागून रिक्षाने येणारी आई मांडीवर काय घेऊन येणार आहे हे त्याला कुठून कळणार? त्याने डोळ्यांनीच सरांची माफी मागितली. सौरभ अनिरुद्धच्या टीममध्ये होता. अनिरुद्ध त्याला कामं वाटून द्यायचा, त्याचं अप्रेझल लिहायचा आणि बुधवारी त्याच्या डब्यातला अर्धा पुलाव खायचा. यातली पहिली दोन कामं कंपनीने नेमून दिलेली होती.

मटणाचा तो पुलाव शालनबाई बुधवारी पहाटे पाचला उठून करायच्या. पातेल्याच्या कडेला कणीक थापून झाकण बंद करायच्या आणि सौरभची अंघोळ झाली की मगच ती फोडायच्या. सुरुवातीला डबा एकाचा होता. मग मेहेंदळे सरांनी एकदा चव बघितली, पुढच्या बुधवारी पुन्हा बघितली, आणि महिन्याभरात शालनबाईंनी मोठा डबा घेतला. अनिरुद्धने या सगळ्याचा अर्थ स्वतःपुरता लावून ठेवला होता. आपण जातपात मानत नाही. रणपिश्यांच्या डब्यातलं हाताने खातो, नळी सोडत नाही. न्यू जर्सीच्या क्लायंटला एकदा जेवताना त्याने हे उदाहरण म्हणून सांगितलंही होतं. हे कशाचं उदाहरण आहे ते क्लायंटला समजलं नाही, पण पुलावाबद्दल त्याने दोन प्रश्न विचारले.

मात्र हे सगळं चांदणी चौकाच्या पलीकडे. बुधवारी घरी परतताना चौक आला की अनिरुद्ध गाडी बाजूला घ्यायचा, मूठभर बडीशेप चावायचा, हातांना लिंबाच्या वासाचा ओला कागद चोळायचा आणि मग अलीकडे यायचा. अलीकडे बायको होती, देवघर होतं आणि ‘सुविद्या’ सहकारी गृहरचना संस्था होती. तिचा तो सेक्रेटरी होता.

“रणपिसे,” आप्पासाहेबांनी अर्जावरचं नाव चष्मा वर करून वाचलं.

आप्पासाहेब संस्थेचे अध्यक्ष. वय शहात्तर, मिलिटरी अकाउंट्समधून निवृत्त, मुक्काम अनिरुद्धच्या बरोबर वरच्या मजल्यावर. इमारतीतला एखादा फ्लॅट विकला जाणार असला की घेणाऱ्या कुटुंबाला सेक्रेटरीकडे चहाला बोलवायचं, ही प्रथा त्यांनी पाडली होती. कायद्यात तिची तरतूद नव्हती. पण चहाला कायदा कशाला लागतो? चहा नीट पार पडला तर ना हरकत दाखला मिळायचा. नाही पार पडला तर संस्थेचा शिक्का सापडायचा नाही. आणि दाखल्याशिवाय बँक कर्ज देत नव्हती.

“रणपिसे म्हणजे, मूळचे कुठले?”

“खडकीचे,” सौरभचे वडील सुखदेवराव म्हणाले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून ते खुर्चीच्या पुढच्या काठावर बसले होते. “चौतीस वर्षं फॅक्टरीत होतो. मार्चमध्ये रिटायर झालो. जूनअखेर क्वार्टर सोडायचंय.”

“तसं नव्हे हो. मूळचे?”

“त्याच्या आधी माझे वडील खडकीचे.”

आप्पासाहेबांनी समाधानाने मान डोलावली. त्यांचा हा प्रश्न असा होता की उत्तर मिळालं नाही तरच ते मिळत असे.

“आणि चिरंजीव आयटीत. वा. कुठल्या कंपनीत?”

सौरभने कंपनीचं नाव सांगितलं.

“अरे, मेहेंदळेही तिथेच! ओळख आहे का?”

“मोठी कंपनी आहे,” अनिरुद्ध म्हणाला. “चार हजार माणसं आहेत.”

हे वाक्य खोटं नव्हतं. शुक्रवारी त्याने सौरभला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, “रविवारी ओळख दाखवू नकोस. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट होतो. मी आहे ना, मी आतून बघतो.” सौरभने घरी जाऊन आईवडिलांना तसंच समजावलं होतं की अध्यक्षांसमोर ओळखीचं बोलायचं नाही. शालनबाईंनी ते पाळलं. अध्यक्षांसमोर त्यांनी ओळखीचं अक्षरही काढलं नाही. पण सरांच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं, आणि सरांच्या बायकोपासून काय लपवायचं, हे दोन प्रश्न त्यांना पडलेच नव्हते.

कल्याणी चहा घेऊन आली. ट्रे नेहमीचाच होता, चेहरा नव्हता. तिने सगळ्यांना कप दिले, नवऱ्याला सर्वांत शेवटी, आणि वाकून हळूच विचारलं,

“बुधवारचा पुरत नाही का हो?”

अनिरुद्धने चहाचा घोट घेतला. तो भाजला, पण घेतला.

“कसला वास येतोय?” आप्पासाहेबांनी नाक वर केलं.

 लवंग, तूप, तळलेला कांदा आणि त्यांच्याखाली दबून असलेलं ते दुसरं काहीतरी, असं सगळं पंख्याखाली फिरत होतं. सौरभ स्वतःच्या बुटांकडे, म्हणजे मोज्यांकडे, बघत होता.

“मसालेभात,” कल्याणी म्हणाली. “संध्याकाळी पाहुणे आहेत.”

शालनबाई बिस्किटांची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. त्यांनी कल्याणीकडे पाहिलं, मग अनिरुद्धकडे. पुढे येऊन त्यांनी बशी टीपॉयवर ठेवली, पदर सारखा केला आणि त्या नवऱ्याशेजारी बसल्या. त्यांना काय समजलं, किती समजलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता आलं नसतं. बशीतली बिस्किटं मात्र त्यांनी एकदा उगाच नीट लावली.

“आता एकच विषय राहिला,” आप्पासाहेब म्हणाले. “खाण्यापिण्याचं.”

“खातो,” सुखदेवराव म्हणाले.

“म्हणजे?”

“मटण, मासे. बुधवारी, रविवारी. आम्ही वार पाळत नाही, पण आमचा मटणवाला पाळतो.”

“आमचं काही म्हणणं नाही हं,” आप्पासाहेबांनी दोन्ही हात वर केले. “ज्याचं त्याने खावं. बाहेर कोण काय खातं ते संस्था बघत नाही. प्रश्न वासाचा आहे. तो जिन्यात बसतो. गेल्या वर्षी तळमजल्यावरच्या भाडेकरू मुलींनी बोंबील तळले, तर आमच्या मेहेंदळ्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. त्यांनीच मग नोटीस काढली. अगदी बिनतोड. वाचून दाखवा हो.”

“त्यांना झेरॉक्स देतो ना.”

“झेरॉक्स कोण वाचतं? तुम्ही वाचा.”

ती नोटीस अनिरुद्धने एका बुधवारी ऑफिसात, जेवण झाल्यावर, लिहिली होती. ‘मांस’ हा शब्द त्याने कुठेही येऊ दिला नव्हता आणि त्याबद्दल त्याला तेव्हा स्वतःचं कौतुक वाटलं होतं. त्याने रजिस्टरचं पान उलटलं.

“‘सर्व सभासदांस कळविण्यात येते की, उग्र वासाचे पदार्थ संस्थेच्या इमारतीत शिजवू नयेत. जिना, पॅसेज व त्यांतील हवा ही सामाईक मालमत्ता असून तीवर सर्व सभासदांचा समान हक्क आहे. सहकार्याची अपेक्षा.’”

शालनबाई मान किंचित कलती करून ऐकत होत्या. शिकलेल्या माणसाने लिहिलेलं ऐकावं, तसं.

“उग्र म्हणजे कसला, सर?” त्यांनी विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“म्हणजे, ज्याचा त्रास होतो असा,” अनिरुद्ध म्हणाला.

“कुणाला?”

“सर्वसाधारणपणे.”

“बरं,” शालनबाई म्हणाल्या.

सौरभने मान वर केली होती. आता तो सरळ अनिरुद्धकडे बघत होता आणि त्या नजरेत मागणं असं काही नव्हतं. नुसती वाट बघणं होतं. एक वाक्य पुरलं असतं. ऑफिसात अशा वेळी अनिरुद्ध ‘आय विल टेक ओनरशिप’ म्हणायचा. त्याबद्दल कंपनीने त्याला काचेचं एक मानचिन्ह दिलं होतं आणि ते सौरभच्या डोक्यामागच्या शोकेसमध्ये, गणपती आणि लंडनच्या टॉवरच्या मध्ये, उभं होतं.

“सेक्रेटरींचं काय मत?” आप्पासाहेबांनी विचारलं.

“नियम सगळ्यांना सारखाच,” अनिरुद्धने रजिस्टरला सांगितलं.

सुखदेवरावांनी कप खाली ठेवला. ते उठणार एवढ्यात शालनबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“शिजवणारी मी एकटीच आहे,” त्या आप्पासाहेबांना म्हणाल्या. “सौरभला चहासुद्धा धड येत नाही. आम्ही दोघं इथं आलोच नाही, तर वासाचा प्रश्न नाही. यांची बहीण दिघीला असते, तिच्या मागं एक खोली रिकामी आहे. आम्ही तिकडं राहू. फ्लॅट मुलाच्या नावावर होऊ द्या.”

“आई,” सौरभ म्हणाला.

“तुझं ऑफिस इथून जवळ पडतं.”

“तीन माणसांसाठी बघितलाय ना आपण हा फ्लॅट?”

“मग? येऊ-जाऊ की.”

सुखदेवरावांनी बायकोकडे पाहिलं नाही. गेल्या महिन्यात फ्लॅट बघायला आले होते तेव्हा बाल्कनीत उभं राहून त्यांनी आपली आरामखुर्ची कुठे बसेल ते पावलांनी मोजलं होतं. सौरभने ऑफिसात ते हसत सांगितलं होतं आणि अनिरुद्धही हसला होता.

“हे उत्तम,” आप्पासाहेब मोकळेपणाने म्हणाले. “वहिनी समंजस आहेत. आणि अगदी यायचंच नाही असं नाही हं. रविवारी या, दिवसभर बसा. पाहुण्यांवर संस्थेचं बंधन नाही. मेहेंदळे, वासाचं काही शिजवणार नाही असं ते हमीपत्र द्या त्यांना. सही करून आणलं की दाखला तयार.”

हमीपत्र तयारच होतं. अनिरुद्धनेच ते काल टाइप करून ठेवलं होतं, लागलंच तर असावं म्हणून. सौरभने ते घेतलं आणि खिशातलं पेन न काढता म्हणाला, “वाचून देतो.”

दारात चपला घालताना शालनबाई मागे वळल्या. आप्पासाहेब आत होते याची त्यांनी खात्री करून घेतली.

“सर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “आज मीठ जरा जास्त पडलंय. घाईत अंदाज चुकला. दही घेऊन खा.”

अनिरुद्धने मान हलवली. ती हो होती की नाही, ते त्यालाही कळलं नाही.

पाहुणे गेल्यावर आप्पासाहेब लगेच उठले नाहीत. त्यांनी उरलेलं बिस्कीट चहात बुडवून संपवलं, मिशा पुसल्या आणि काठी शोधली.

“मेहेंदळे.”

“हं.”

“बत्तीस वर्षं मी कॅम्पात नोकरी केली.”

“हो, माहिती आहे.”

“मसालेभातात जावित्री नसते.”

कल्याणी कप गोळा करता करता थांबली.

“एखादी वाटी द्या पाठवून,” आप्पासाहेब दाराकडे जात म्हणाले. “आमच्या घरात सध्या कुणी नाहीये, सगळी महाबळेश्वरला गेलीत. झाकून पाठवा मात्र. जिन्यात कुणीही भेटतं.”

काठीचा आवाज एकेक पायरी वर गेला आणि त्यांचं दार लागलं.

स्वयंपाकघरात कल्याणीने डब्याचं झाकण काढलं. वाफ निघाली. तिने स्टीलची मोठी वाटी घेतली, पुलाव भरला, वर एक नळी ठेवली आणि ताटली झाकली. 

“मला सांगायचं तरी,” शेवटी ती म्हणाली.

“तुला चाललं नसतं.”

“विचारलंत कधी?”

अनिरुद्धने ओट्यावरचं शीत बोटाने उचललं आणि मग ते कुठे ठेवावं हे न सुचून तसाच उभा राहिला.

“त्या बाईसमोर, तिच्या हातच्या भाताला मी मसालेभात म्हटलं,” कल्याणी म्हणाली. “तुमच्यासाठी. आणि तुम्हाला एवढंसुद्धा म्हणता आलं नाही की येऊ देत हो, आम्हाला काही त्रास नाही.” तिने वाटी पुढे केली. “मी नाही नेणार. तुम्ही न्या. आणि वाटी त्यांच्या हातात द्यायच्या आधी सांगा. त्या दोघांना राहू द्यायचं म्हणावं. आता आप्पासाहेबांना नाही म्हणायला तोंड आहे का?”

“बघतो.”

ऑफिसात अनिरुद्धच्या या शब्दाचा अर्थ सगळ्यांना माहीत होता. घरात अजून नव्हता.

त्याने वाटी दोन्ही हातांत धरली आणि तो जिना चढू लागला. अठरा पायऱ्या होत्या. पाचव्या पायरीपर्यंत त्याचं वाक्य जुळलं होतं. ‘आप्पासाहेब, या कुटुंबाच्या बाबतीत आपण जरा लवचिक राहू.’ आठव्या पायरीवर त्याने ‘या कुटुंबाच्या बाबतीत’ काढून टाकलं. दहाव्या पायरीवर त्याला वाटलं की आजच विषय काढला तर वाटीचा दबाव आणल्यासारखं होईल. मंगळवारी, मीटिंगमध्ये, अधिकृतपणे काढलेला बरा. ताटलीच्या कडेने वाफ येत होती आणि ती जिन्यात त्याच्यापुढे दोन पायऱ्या चालली होती.

खालून भराभर पावलं आली.

“सर.”

सौरभ होता. हातात हमीपत्र, त्यावर सही नाही.

“हे परत द्यायचं होतं. बाबा म्हणतात, वाघोलीचं बघू. तिथं तिघं मावतो आम्ही. ऑफिस लांब पडेल, पण कंपनीची बस आहे.”

“अरे, थांब. मी बोलतोच आहे त्यांच्याशी,” अनिरुद्ध म्हणाला. “आत्ता त्याचसाठी वर…”

सौरभने वाटीकडे पाहिलं. झाकलेली असली तरी ती कशाची आहे हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. मग त्याने वर, अध्यक्षांच्या दाराकडे पाहिलं. तिथून पुन्हा सरांकडे. हे सगळं जुळायला त्याला फारसा वेळ लागला नाही; कामाला तो हुशार होता, अप्रेझलमध्ये अनिरुद्धने तसं लिहिलंही होतं.

“त्यांना?” त्याने विचारलं.

 हमीपत्र घ्यायला अनिरुद्धने हात पुढे करायचा प्रयत्न केला, पण दोन्ही हात गुंतलेले होते. सौरभने तेही पाहिलं. त्याने कागदाची व्यवस्थित चार पदरी घडी घातली आणि सरांच्या शर्टाच्या खिशात ठेवली. खिसा वरून हलकेच दाबलाही, पडू नये म्हणून.

“जा सर तुम्ही,” तो म्हणाला. “गार झाला की मजा जाते.”

तो उतरून गेला. अनिरुद्ध होता तिथेच उभा राहिला. इमारतीत दुपारची शांतता होती आणि जिन्यात खालचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं.

“दिलास का रे कागद?” शालनबाईंचा आवाज आला.

“दिला.”

“सर भेटले?”

 रिक्षाचं मीटर खाली पाडल्याचा आवाज झाला.

“नाही. वहिनींकडे दिला.”

“जेवायला बसले असतील,” शालनबाई म्हणाल्या.

वर आप्पासाहेबांनी दार उघडून ठेवलं होतं.